'रन' : पळणं सोडून बाकी सगळं

टाचणी

पाणी उपसायच्या एका पंपाची माहितीपुस्तिका मराठीत करून द्यायचं काम घेतलंय. चोवीस पानं, भाषा सोपी, चित्रंच जास्त. दोन दिवसांत हातावेगळं करू म्हणून बसले आणि सहाव्या पानावर गाडं रुतलं. तेही कुठल्या अगडबंब तांत्रिक शब्दापाशी नाही. 'रन'पाशी.

त्या एका पानावर 'रन' सात वेळा आलंय. केबल भिंतीलगत 'रन' करा. नळीतलं पाणी नितळ होईपर्यंत 'रन' होऊ द्या. पंप 'रन ड्राय' करू नका. मोटार 'रन हॉट' होत असेल तर बंद करा. ही मोटार २३० व्होल्टवर 'रन' होते. सगळं बसवून झालं की एक चाचणी 'रन' करा. तेल 'रन लो' झालं तर भरा.

आधी आळस केला आणि संगणकाकडून भाषांतर करवून घेतलं. त्याने इमानेइतबारे लिहिलं, 'पंप कोरडा पळवू नका.' मला वाटलं सूचना चोरांसाठी आहे. ओला असताना पळवला तर हरकत नसावी.

मग स्वतः केलं ते असं: केबल भिंतीलगत न्या, पाणी वाहू द्या, मोटार तापत असेल तर, २३० व्होल्टवर चालते, चाचणी घ्या, तेल कमी झालं तर. सातांतली सहा सुटली आणि एकाही ठिकाणी ना पळणं ना धावणं! उरलेल्या एकासाठी 'यंत्र शुष्क अवस्थेत कार्यान्वित करू नये' असं लिहिलंय, पण ते वाचताना माझाच घसा कोरडा पडतो. काही सुचवा. आणि हेही सांगा, एका क्रियापदाने किती घरची धुणी धुवावीत याला काही मर्यादा?

गंजका खिळा

'पंप कोरडा चालवू नका.' संपलं.

पंपावर काम करणारा कुणीही हेच म्हणतो. आतलं सील फिरताना तिथल्या पाण्यानेच थंड राहतं, वंगणही तेच. पाणी नसताना पंप फिरत राहिला की सील जळतं. 'शुष्क अवस्था' म्हणजे काय याचा उलगडा होईपर्यंत ते गेलेलं असेल.

टाचणी

शरण. बदललं.

कोशकिडा

मर्यादा विचारलीत म्हणून सांगतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. तेव्हा सगळ्यात लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तीच पहिली. त्यात 'सेट'चे ४३० अर्थ आणि नोंदीची लांबी सुमारे ६०,००० शब्द. एका शब्दाचा अर्थ सांगायला साठ हजार शब्द. तेवढ्यात एक आटोपशीर कादंबरी होते.

पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी सगळ्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या, पण सुरुवात 'ए'ऐवजी 'एम' या अक्षरापासून केली. पहिल्या आवृत्तीची आरंभीची अक्षरं करताना जुन्या संपादकांची घडी नीट बसलेली नव्हती, मधल्या अक्षरांपर्यंत ती बसली. तेव्हा नव्या मंडळींनी बसलेल्या घडीपासून हात घातला. त्यामुळे २००० साली 'मेक' सगळ्यात लांब ठरलं, २००७ साली 'पुट', आणि २०११ साली 'रन' आलं ते ६४५ अर्थ घेऊन. हे फक्त क्रियापदाचे बरं का, नामाचा संसार वेगळा. पीटर गिलिव्हर या कोशकाराचे या एकट्या नोंदीवर नऊ महिने गेले. नऊ हा आकडा मी पदरचा घातलेला नाही, पण शोभतो खरा.

अर्थात ही शर्यत जराशी लबाडीची आहे. 'आर' तपासून झालं तेव्हा 'एस'ची पाळी आलेली नव्हती. म्हणजे नवं जेवण जेवून आलेल्या 'रन'ची कुस्ती जुन्याच खुराकावरच्या 'सेट'शी लावली.

तिरपागडे

कोशकिडा, तुमचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे वाचनीय, पण ६४५ वर माझा काडीचा विश्वास नाही. हा शब्दाचा कीस पाडण्याचा प्रकार आहे. केबल भिंतीलगत 'रन' करते आणि रस्ता नदीलगत 'रन' करतो, हे दोन अर्थ की एक? बातमी छापून येते आणि जाहिरात छापून येते, हे दोन की एक? प्रिन्स्टन विद्यापीठाचा वर्डनेट नावाचा संगणकी कोश काढून बघा. त्यात 'रन' क्रियापदाचे ४१ अर्थ आहेत. म्हणजे जवळपास सोळावा हिस्सा. आणि तिथे 'ब्रेक'चे ५९ आहेत, त्यामुळे 'रन'चा पहिला नंबरही गेला.

कोशकिडा

अगदी मान्य. अर्थ मोजणं हे डोंगर मोजण्यासारखं आहे. दोन शिखरांमधली खिंड किती खोल असली म्हणजे दोन डोंगर म्हणायचे, हे डोंगर सांगत नाही, मोजणारा ठरवतो. ऑक्सफर्डवाले प्रत्येक टेकाडाला नाव देतात, वर्डनेट रांगांवर थांबतं. त्यात ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे, शतकापूर्वी मेलेला अर्थही तिथे नांदतो.

पण तुमच्या मोजपट्टीने मोजलं तरी मूळ प्रश्न उरतोच. 'जॉग'ला इतके अर्थ का नाहीत? जॉर्ज झिफ नावाच्या अभ्यासकाने १९४५ मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याला अर्थ जास्त, आणि ही वाढ साधारण वर्गमुळाच्या हिशोबाने होते. शंभरपट जास्त वापरला जाणारा शब्द सुमारे दहापट अर्थ बाळगतो. वापर होतो म्हणून अर्थ फुटतात, आणि अर्थ फुटतात म्हणून वापर वाढतो. भारी शब्दांना कुणी बाहेर काढत नाही, म्हणून ते कोरे करकरीत राहतात.

अळीमिळी

इथे एक गैरसमज आधी दूर करते. आपण धरून चालतो की 'रन' म्हणजे मुळात पायांनी पळणं आणि बाकीचे अर्थ त्यावरून ताणून काढलेले. पाण्याच्या बाबतीत तसं नाही. वाहणं हा अर्थ पळण्याइतकाच जुना आहे. जर्मन भाषेत आजही दोन सख्खी भावंडं वेगळी नांदतात: 'रिनेन' म्हणजे पाझरणं, वाहणं, 'रेनेन' म्हणजे पळणं. इंग्रजीत ती एकाच खोलीत राहायला आली. तेव्हा नळ 'रन' होतो, नाक 'रन' होतं, यात अलंकार वगैरे काही नाही, ते शब्दाचं मूळ घरच आहे. दूध विरजवून घट्ट करणाऱ्या पदार्थाला इंग्रजीत 'रेनेट' म्हणतात, तोही याच कुळातला. दूध एकत्र 'पळून' येतं म्हणून.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. जुन्या इंग्रजीत 'इर्नन' आणि 'अर्नन' अशी दोन क्रियापदं होती. पहिलं स्वतः पळायचं, दुसरं दुसऱ्याला पळवायचं, मुख्यतः घोड्याला. आपल्या पळणे-पळवणे, चालणे-चालवणे, पडणे-पाडणे यासारखीच जोडी. इंग्रजीत अशा जोड्यांचे अवशेष अजून दिसतात. 'सिट' म्हणजे बसणं, 'सेट' म्हणजे बसवणं (घ्या, 'सेट'चाही उगम सापडला). 'फॉल' म्हणजे पडणं, 'फेल' म्हणजे पाडणं, झाडाच्या बाबतीत. 'राइज' आणि 'रेझ' तर सगळ्यांना माहीत आहेत. 'रन'च्या बाबतीत मात्र दोन्ही रूपं मिसळून एक झालं. त्यामुळे आज 'द मोटर रन्स' आणि 'ही रन्स द मोटर' यात क्रियापद तेच. मराठीला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, चालते की चालवतो. टाचणीताई, तुमचा अर्धा गोंधळ हाच असणार.

टाचणी

अगदी हाच! एका वाक्यात मोटार आपण होऊन 'रन' होते, पुढच्याच वाक्यात वाचणाऱ्याने तिला 'रन' करायचं असतं.

आणि बाकी वाक्यांवरून नजर फिरवताना लक्षात आलं, की इंग्रजीत जे पळतं ते मराठीत बहुतेक वेळा चालतं. यंत्र चालतं, संस्था चालवतात, नाटक चार महिने चाललं. ते पळतात, आपण चालतो, आणि पोचतो एकाच ठिकाणी.

मूषकराज

चालण्यावरून आठवलं. आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं रोजचं वाक्य आहे: 'इट रन्स बट इट डझन्ट वर्क.' म्हणजे प्रोग्राम सुरू होतो, मधे कोसळत नाही, शेवटपर्यंत जातो, फक्त उत्तर चुकीचं देतो. 'रन' आणि 'वर्क' शब्दकोशात समानार्थी म्हणून शेजारी बसवलेले असतात, पण आमच्या धंद्यात या दोघांमधल्या फटीतच सगळी नोकरी जाते.

आता हे मराठीत करा. 'प्रोग्राम चालतो, पण चालत नाही.'

गंजका खिळा

हसून हसून पुरेवाट. पण पंपाचंही तेच असतं. मोटार फिरतेय, आवाज छान, पाण्याचा पत्ता नाही. आम्ही म्हणतो, 'पंप चालू आहे, पाणी उचलत नाही.' यंत्राने करायचं काम काय ते वेगळं सांगितलं की गोंधळ मिटतो. तुम्हीही 'प्रोग्राम चालतो, पण उत्तर चुकतं' म्हणा.

नवशिका

नमस्कार, धागा फार उपयोगी आहे. मी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतोय. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर बरं दिसत नाही म्हणतात, म्हणून 'रन'चे समानार्थी शब्द पाठ करतोय. आतापर्यंत जमवलेले: स्प्रिंट, जॉग, डॅश, बोल्ट, स्कॅम्पर, फ्ली, फ्लो, मॅनेज, ऑपरेट, कंडक्ट, एक्स्टेंड. कुणी यादी पूर्ण करून देईल का? आणि 'हॅज रॅन' बरोबर की 'हॅज रन'?

चष्मेवाली

'हॅज रन'. 'रॅन' नुसत्या भूतकाळात. पुढे.

यादी पूर्ण करून देणार नाही, उलट आहे तीच फाडायला सांगणार आहे. रागावू नकोस, कारण ऐक. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. एका मुलीने आईविषयी निबंध लिहिला होता. आईचा स्वतःचा व्यवसाय आहे, ती तो एकटीने सांभाळते, असं तिला म्हणायचं होतं. 'शी रन्स हर ओन बिझनेस' हे चांगलं सरळ वाक्य तिने आधी लिहिलं असणार. मग पाठ केलेली यादी आठवली आणि 'रन' खोडून तिथे 'फ्ली' टाकलं. 'शी फ्लीज हर ओन बिझनेस.' म्हणजे आई स्वतःच्याच धंद्यातून पळ काढते. खोडलेलं 'रन' खालून दिसत होतं, म्हणून मला कळलं तरी. मी त्या वाक्याला गुण दिले नाहीत, पण ते विसरलेही नाही.

तुझ्या यादीत चार वेगळ्या घरांतली माणसं एका रांगेत उभी आहेत. 'स्प्रिंट'पासून 'फ्ली'पर्यंतचे पायांचे. 'फ्लो' पाण्याचा. 'मॅनेज', 'ऑपरेट', 'कंडक्ट' कारभाराचे. आणि 'एक्स्टेंड' रस्त्याचा, भिंतीचा, केबलचा. आधी वाक्यातला 'रन' कुठल्या घरातला ते बघ, मग त्या घरात जाऊन शब्द माग.

त्या घरातही सगळे सारखे नाहीत. 'स्प्रिंट' म्हणजे थोडं अंतर, सगळी ताकद लावून. 'जॉग' म्हणजे दमाने, बहुतेक वेळा स्वतःच्या खुशीने. मागे कुत्रा लागला असताना कुणी 'जॉग' करत नाही. 'डॅश'मध्ये घाई आहे आणि अंतर अगदी कमी. 'बोल्ट' मुळात धनुष्याचा आखूड, जाड बाण, त्यामुळे त्यात अचानक सुटणं आलं. बुजलेला घोडा 'बोल्ट' होतो. 'स्कॅम्पर'ला लहान पावलं लागतात, उंदराची नाहीतर पोराची. 'फ्ली'ला तर पायच लागत नाहीत. माणूस विमानात बसूनही देश सोडून 'फ्ली' होऊ शकतो. तिथे पळण्यापेक्षा कशापासून पळतोय ते महत्त्वाचं.

या बाबतीत मराठीची तऱ्हा वेगळी आहे. आपण क्रियापद फारसं बदलत नाही, त्याच्या आधी काहीतरी लावतो. तुरुतुरु पळाला, सुसाट पळाला, जीव मुठीत धरून पळाला. वेगळं हवंच असेल तर धूम ठोकली, पोबारा केला, काढता पाय घेतला. आणि एक गंमत इंग्रजीकडे नाही. त्यांचं 'रन' दोन्ही दिशांना जातं, मदतीला 'रन' आणि संकटातून 'रन'. आपण दिशा क्रियापदातच ठेवलीय. मदतीला धावतात, संकटातून पळतात. 'तो माझ्या मदतीला पळाला' म्हटलं तर ऐकणारा क्षणभर विचारात पडतो, आला की गेला.

नवशिका

यादी फाडली. पण मॅडम, मग 'मॅनेज' आणि 'ऑपरेट' तरी एकमेकांच्या जागी चालतील ना?

चष्मेवाली

यंत्र 'ऑपरेट' करता येतं, 'मॅनेज' नाही. माणसं 'मॅनेज' करता येतात, 'ऑपरेट' केली तर ते शल्यविशारदाचं काम, आणि तेव्हाही पुढे 'ऑन' लागतो. 'मॅनेज' हा इटालियनमधून आला, घोडा हाताने वळवण्यावरून. त्यात अजूनही थोडं आवरणं, सांभाळून घेणं आहे. 'कंडक्ट' सभेला, चौकशीला, प्रयोगाला, जरा कोट घालून बोलायचं असेल तेव्हा.

'रन' या सगळ्यांपेक्षा साधा आहे आणि मला विचारशील तर जास्त वजनाचा. 'शी मॅनेजेस द ऑफिस' म्हटलं तर तिच्या वर कुणी साहेब असेलही. 'शी रन्स द ऑफिस' म्हटलं की साहेब असला तरी नावाला. आपल्या 'कारभार हाकणे' याच्या जवळ जातं ते. परीक्षेसाठी सांगायचं तर, शब्द पुन्हा आल्याने निबंध बिघडत नाही, चुकीचा आल्याने बिघडतो.

तिरपागडे

चष्मेवालींच्या प्रतिसादाला +१. समानार्थी शब्दांच्या याद्यांवर बंदी हवी.

कोशकिडा

बंदी नको हो. पीटर मार्क रोजे यांचा 'थिसॉरस' १८५२ साली आला, तो माणूस पेशाने डॉक्टर. त्यांनी शब्द अकारविल्हे न लावता कल्पनांप्रमाणे लावले, एक हजार शीर्षकांखाली. ते पुस्तक शब्द शिकायला नव्हतंच. शब्द येतो पण ओठावर येत नाही, त्या माणसासाठी ते होतं. म्हणून त्यात फरक समजावलेले नसतात. न येणाऱ्याने ते उघडलं की आई धंद्यातून पळते.

बारावा गडी

आमच्या क्रिकेटला विसरलात. तिथे 'रन' नाम आहे हे खरं, पण मराठीने त्याची 'धाव' केली ती किती चपखल! धावा, धावसंख्या, धावफलक, धावचीत. शिवाय चौकार मारला तर चार 'धावा' मिळतात, त्यासाठी एक पाऊलही धावावं लागत नाही. म्हणजे मराठीनेसुद्धा शब्दाबरोबर त्याचा अर्थविस्तार उचललाच की.

अळीमिळी

खरंय, आणि विमानाची धावपट्टी. पळपट्टी कुणी केली नाही ते बरं झालं.

जागा बदलली की शब्द बदलतो याचं एक छान उदाहरण निवडणुकीचं. अमेरिकन उमेदवार पदासाठी 'रन' करतो. ब्रिटिश उमेदवार त्याच कामासाठी 'स्टँड' करतो. एक पळतो, एक उभा राहतो. मराठी उमेदवार उभाच राहतो. लांब मोज्याचा धागा निसटून चीर गेली तर अमेरिकेत तो 'रन', ब्रिटनमध्ये 'लॅडर', म्हणजे शिडी. तेव्हा 'रन'ला समानार्थी कोणता, हे कोणाच्या तोंडी आहे त्यावरही ठरतं.

रंगाचं तर विचारूच नका. धुताना कापडाचा रंग 'रन' होतो, म्हणजे सुटतो, शेजारच्या कपड्याला लागतो. न सुटणाऱ्या पक्क्या रंगाला ते 'फास्ट' म्हणतात. आता बघा, माणूस 'फास्ट' असेल तर छान 'रन' करतो आणि रंग 'फास्ट' असेल तर अजिबात 'रन' करत नाही. 'फास्ट'चा जुना अर्थ घट्ट, पक्का असा होता. घट्ट, नेटाने, जोर लावून पळणं यावरून तो वेगाकडे घसरला.

मूषकराज

मी एक युक्ती वापरतो, चालते का बघा. अर्थ कळत नसेल तर उलटा शब्द शोधायचा. माणूस 'रन' करत नाही म्हणजे चालतो किंवा थांबतो. यंत्र 'रन' होत नाही म्हणजे बंद आहे. रंग 'रन' होत नाही म्हणजे पक्का आहे. करार 'रन' होत नाही म्हणजे मुदत संपली. विरुद्धार्थी वेगळा निघाला की अर्थ वेगळा.

तिरपागडे

ही युक्ती बरी आहे. याने मोजलं तर ६४५ वरून तीसेकवर येईल बघा.

कोशकिडा

तुम्ही ती खिंड बुजवूनच राहणार!

चष्मेवाली

टाचणीच्या पानावर आणखी एक प्रकार आहे तो निसटू नये. 'रन ड्राय', 'रन लो', 'रन हॉट' यात 'रन' जवळजवळ 'होणे' इतकाच उरलाय. पुढच्या विशेषणाला टेकू द्यायचा, बस. त्यामुळे भाषांतर विशेषणाचं करायचं, क्रियापदाचं नाही. विहीर आटते, तेल कमी होतं, मोटार तापते, माणसाला उशीर होतो, पोरं मोकाट सुटतात. इंग्रजीत एकच 'रन', मराठीत दर वेळी नवं क्रियापद.

आणि या टेकूला बहुतेक वाईटच गोष्टी टेकतात. ड्राय, लो, शॉर्ट, लेट, वाइल्ड, हॉट. सगळं बिघाडाचं. 'स्मूद' एक बरा सापडतो. मजेत, खुशीत, निरोगी असं कुणी 'रन' होत नाही.

टाचणी, 'पंप कोरडा चालवू नका' यात मात्र खिळेदादांनी 'चालवणे' ठेवलं ते बरोबर, कारण तिथे पंप खरंच चालतोय, कोरडेपणी. टाकी 'रन ड्राय' झाली असं आलं तर 'टाकी रिकामी झाली' करा. तेच दोन शब्द, वेगळी बांधणी.

टाचणी

बापरे. नवव्या पानावर टाकी आहे आणि मी ती 'कोरडी चालवली' आहे. दुरुस्त करते.

बारावा गडी

अवांतर: 'रन द गाँटलेट' कुठून आलं कुणाला माहीत आहे? गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा ना? हातमोजा कसा पळवणार?

कोशकिडा

हातमोज्याचा काही संबंध नाही. ती एक सैनिकी शिक्षा. शिपायांच्या दोन रांगा समोरासमोर, मधून गुन्हेगाराने पळायचं, दोन्ही बाजूंनी फटके. स्वीडिश शब्द 'गाटलोप', गाट म्हणजे गल्ली आणि लोप म्हणजे पळणं. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला, कुणाला धड उच्चारता येईना, आणि ओळखीच्या हातमोज्याच्या नावात जाऊन मिसळला. गंमत म्हणजे 'लोप'मध्ये पळणं आधीच आहे, वर पुन्हा 'रन'. पिवळा पीतांबर.

तिरपागडे

इतकं इंग्रजीचं कौतुक चाललंय तर एक विचारतो. आपल्या 'लागणे'चे किती अर्थ? भूक लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, ठेच लागते, निकाल लागतो, वेड लागतं, झोप लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, पाऊस लागतो, पोरगं रडायला लागतं, आणि मला हे सगळं लिहावं लागतं. यातलं सगळं इंग्रजीत एकाच क्रियापदाने होईल का?

अळीमिळी

होणार नाही, आणि हेच मला मघापासून म्हणायचं होतं. मराठी शिकणारा परदेशी माणूस 'लागणे'पाशी तसाच बसलेला असतो जशी टाचणी 'रन'पाशी. त्यालाही कुणीतरी सांगितलेलं असतं की लागणे म्हणजे स्पर्श होणे. मग दिवा कुणाला स्पर्श करतो ते तो शोधत बसतो. 'लागणे'साठी वेगळा धागा काढा, तिरपागडे. तुम्हीच काढा, कारण मोजणी तुमच्याच हातून शिस्तीत होईल.

तिरपागडे

काढतो. एकेचाळीसच्या वर जाणार नाही याची हमी.

टाचणी

पुस्तिका संपत आली. एकच जागा अडलीय, आणि ती फक्त तीन अक्षरांची आहे. शेवटच्या पानावर नियंत्रण-पेटीचं चित्र आहे. त्यावर तीन छोटे दिवे, खाली नावं: 'पॉवर ऑन', 'रन', 'ट्रिप' (म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद). जागा बोटाच्या नखाएवढी, वाक्य लिहिता येत नाही. 'रन'खाली 'चालू' लिहावं तर 'ऑन'लाही आपण चालूच म्हणतो. दोन दिव्यांना एकच नाव झालं तर कुणीतरी शॉक खाईल. 'कार्यरत' लिहिलं, खोडलं. 'फिरती' लिहिलं, तेही खोडलं.

मूषकराज

पहिल्याला 'वीज आहे' करा, दुसऱ्याला 'चालू'.

टाचणी

मीही तेच केलं होतं. पण छापायला द्यायच्या आधी पंप चालवणाऱ्या एका काकांना वाचून दाखवलं. 'कोरडा चालवू नका' ऐकून त्यांनी मान डोलावली, 'हां, बरोबर.' बाकीचंही सगळं पसंत पडलं. दिव्यांपाशी आल्यावर म्हणाले, 'चालू? कुठला चालू? वीज की मोटार?' मी म्हटलं, मोटार. तर म्हणाले, 'मग रन लिहा ना. आम्ही एकमेकांना विचारतो ते, रनचा दिवा लागला का.'

गंजका खिळा

तेच लिहा. आमच्याकडेही पेटीपाशी तेच बोलतात.

टाचणी

'रन' लिहिलं. देवनागरीत.

तिरपागडे

'दिवा लागला' माझ्या यादीत आधीच आहे. काकांना सांगा.